घरभर एकच रेकॉर्डर लावताय? या चुका टाळा

सलग तीन दिवस सकाळी साडेसहाला आमच्या घरातले छत्रीवर, म्हणजे डिश अँटेनावर चालणारे चारही टीव्ही गेलेले असायचे. पडद्यावर ७७१ हा आकडा आणि सिग्नल शोधत असल्याची पाटी. रात्री झोपेपर्यंत सगळं ठीक, आणि आठच्या सुमारास मी बेसमेंटमध्ये ट्रेडमिलवर गेलो की टीव्ही आपोआप बरे. बाबा न्यू जर्सीत येऊन आठवडाच झाला होता. ते म्हणाले, "अरे, तुझ्या छत्रीला सकाळी उशिरा जाग येते का?"

जाग छत्रीला नाही, मला उशिरा आली. बाबा रोज झोपायच्या आधी घरभर फिरून दिसेल ते बटण बंद करायचे. वीज वाचवायची आपली सवय. बेसमेंटच्या जिन्यापाशी एक बटण होतं. ते दिव्याचं आहे असं त्यांना वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. सकाळी खाली उतरताना मी ते पुन्हा चालू करायचो. इथल्या बऱ्याच घरांत भिंतीवरच्या बटणावर खालचं एखादं सॉकेट चालतं. त्याच सॉकेटात मी छत्रीला वीज पुरवणारा छोटा डबा, म्हणजे पॉवर इन्सर्टर लावून ठेवला होता. बटण बंद केलं की छत्रीवरचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, मेला, आणि त्याबरोबर घरातला प्रत्येक टीव्ही आणि रात्रीचं प्रत्येक रेकॉर्डिंग.

आधी प्रत्येक खोलीत वेगळा डीव्हीआर, म्हणजे कार्यक्रम रेकॉर्ड करणारी पेटी होती, तेव्हा एक बिघडला तरी बाकीचे चालायचे. इथल्या उपग्रह टीव्ही कंपन्यांचा घरभर चालणारा एकच रेकॉर्डर, म्हणजे डायरेक्टीव्हीची जिनी किंवा डिश नेटवर्कचा हॉपर घेतला की घराचा सगळा भार एका पेटीवर आणि एका केबलवर येतो. लोक मात्र हे अपग्रेड करताना फक्त टीव्ही मोजतात. मीही तेच केलं.

ट्यूनरचा हिशोब

ट्यूनर म्हणजे एका वेळी एक चॅनेल पकडणारा भाग. माझ्याकडच्या जिनीत पाच ट्यूनर आणि एक टेराबाइटची डिस्क आहे. बाकीच्या खोल्यांत मिनी नावाच्या छोट्या पेट्या असतात. त्यांच्यात ना ट्यूनर ना डिस्क, सगळं जिनीकडून मागून घेतात. या मॉडेलला आठ मिनी जोडता येतात, पण एका वेळी चालतात तीनच. हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडून सहसा ऐकू येत नाही.

आता संध्याकाळचे आठ धरा. हॉलमध्ये एक, वर आई-बाबांच्या खोलीत एक, मुलीकडे एक, स्वयंपाकघरात एक. चारही ठिकाणी लाइव्ह चॅनेल लावलं की चार ट्यूनर गेले. रेकॉर्डिंगला उरला एक. दोन कार्यक्रम एकाच वेळी लावून ठेवले असतील तर जिनी विचारते, यातलं काय सोडू? आणि तो प्रश्न ज्याच्या टीव्हीवर येतो, तो सोडतो ते नेमकं तुमचं असतं. रेकॉर्ड केलेलं बघायला ट्यूनर लागत नाही, त्यामुळे घरच्यांना "थोडं थांबून बघा" हे शिकवलं तर निम्मी भांडणं मिटतात. शिवाय टीव्ही बंद केला म्हणून मिनी बंद होत नाही. ती पाठीमागे ट्यूनर अडवून बसलेली असू शकते, तेव्हा रिमोटने तीही बंद करा.

मोठं कुटुंब असेल तर २०१७ साली आलेली जिनी-२ पाहा. सात ट्यूनर, दोन टेराबाइट. मात्र तिला टीव्हीची वायर लावायची जागाच नाही. हॉलच्या टीव्हीलाही वेगळी मिनी लागते. हे माहीत नसलेले लोक पेटी टीव्हीखाली मांडून एचडीएमआयचं भोक शोधत बसतात. हॉपर-३ मध्ये तर सोळा ट्यूनर आहेत, तिथे हा प्रश्न जवळजवळ येतच नाही.

स्प्लिटर: पाच डॉलरची चूक

घरात आधी केबल टीव्ही होता. भिंतीमागे सोनेरी रंगाचा स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या अनेक शाखा करणारा जोड तयारच होता, तोच वापरला. परिणाम असा, की काही चॅनेल स्वच्छ, काही अजिबात नाहीत, आणि वरच्या मजल्यावरची मिनी मधूनच जिनीला ओळखेनाशी व्हायची. दोन शनिवार मी एलएनबीला शिव्या दिल्या.

मग स्प्लिटर हातात घेऊन बॅटरीच्या उजेडात त्यावरची अक्षरं वाचली: ५ ते १००० मेगाहर्ट्झ. छत्रीतून येणारा सिग्नल ९५० च्या पुढे सुरू होतो आणि २१५० पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे जिथे हा स्प्लिटर संपतो तिथे आपला सिग्नल सुरू होतो. डायरेक्टीव्हीच्या एका-केबलच्या पद्धतीला, म्हणजे एसडब्ल्यूएमला, हिरवं लेबल असलेलाच स्प्लिटर लागतो. त्यात एक तोंड लाल खुणेचं असतं. वीज फक्त तिथूनच पुढे जाते, म्हणून पॉवर इन्सर्टरची केबल त्याच तोंडाला. दुसऱ्या तोंडाला लावलीत तर पुन्हा ७७१.

इन्सर्टरवरही दोन तोंडं असतात. एक छत्रीकडे जाणारं, एक रिसीव्हरकडे. उलटं लावलं तर काही जळत नाही, फक्त काही चालत नाही. त्यामुळे दोष सापडायला जास्त वेळ लागतो. मी आता प्रत्येक केबलच्या टोकाला कागदी टेप लावून मराठीत लिहिलंय: 'छत्री', 'जिनी', 'वरची खोली'. न वापरलेली तोंडं टर्मिनेटर नावाच्या टोपणाने बंद करा, उघडी ठेवू नका.

जुन्या घरातली बारीक आरजी-५९ केबल दिसली तर ती बदलून आरजी-६ टाका. आणि जुन्या पेट्यांमागे बी-बँड कन्व्हर्टरचे छोटे तुकडे असतील तर ते काढून टाका. एसडब्ल्यूएमला ते चालत नाहीत.

छतावरच्या अँटेनाचा सिग्नल याच केबलमधून आणायचा मोहही टाळा. पेट्या एकमेकींशी बोलतात ते याच तारेवरून, आणि यूएचएफ चॅनेल ज्या पट्ट्यात येतात जवळजवळ त्याच पट्ट्यात. दोघांची मारामारी होते. अँटेनाला वेगळी केबल टाका.

जुनी छत्री आणि शेजारचा मेपल

अठरा इंची जुनी गोल छत्री आहे तशी वापरू म्हटलं तर एचडी येणार नाही. डायरेक्टीव्हीचे उपग्रह ९९, १०१ आणि १०३ अंश पश्चिमेला आहेत. एचडी येतं ते ९९ आणि १०३ वरून, का-बँड नावाच्या वेगळ्या पट्ट्यात. त्यासाठी रुंद स्लिमलाइन छत्री लागते आणि रोखही फार नेमका लागतो. केसभर हलली तरी जुने चॅनेल दिसतात नि एचडी जातं. मग माणसाला वाटतं पेटी खराब आहे.

आमच्याकडून हे उपग्रह नैर्ऋत्येला दिसतात. छत्री बसवली जानेवारीत, तेव्हा शेजारचं मेपलचं झाड म्हणजे नुसत्या काड्या. मे महिन्यात पानं फुटली आणि १०३ च्या सिग्नलचा आकडा रोज घसरायला लागला. हिवाळ्यात बसवणार असाल तर झाडाकडे उन्हाळ्याच्या डोळ्यांनी बघा.

टाउनहाउसमध्ये राहणाऱ्यांसाठी एक: घरमालकांच्या असोसिएशनने "छत्री चालणार नाही" म्हटलं म्हणून लगेच माघार घेऊ नका. एफसीसीच्या, म्हणजे इथल्या केंद्रीय दूरसंचार आयोगाच्या १९९६ च्या नियमानुसार एक मीटरपर्यंतची छत्री स्वतःच्या बाल्कनीत किंवा अंगणात लावायला ते मनाई करू शकत नाहीत. सामाईक छतावर मात्र हा हक्क चालत नाही.

रेकॉर्डिंग जातात, आणि शेवटची ओव्हरही

जुन्या डीव्हीआरमधलं नव्या जिनीत येत नाही. बाहेरची हार्ड डिस्क लावलीत तरी तिच्यातलं त्याच पेटीला बांधलेलं असतं. मुलीचं पहिलं स्नेहसंमेलन स्थानिक बातम्यांत दहा सेकंद दिसलं होतं, ते आम्ही असंच घालवलं. जुनी पेटी परत देण्याआधी जे बघायचंय ते बघून घ्या. मालिकांची यादीसुद्धा फोनवर फोटो काढून ठेवा, नव्या पेटीत ती पुन्हा एकेक करून भरावी लागते.

आणि क्रिकेट. २९ जून २०२४, टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. शनिवारची सकाळ, आम्ही एका मुंजीला गेलेलो, घरी विलो या क्रिकेटच्या चॅनेलवर रेकॉर्डिंग लावलेलं. कोणी निकाल सांगू नये म्हणून दिवसभर फोन बंद. रात्री सगळे बसलो. शेवटच्या ओव्हरला १६ हव्यात, हार्दिक धावत सुटला, आणि पडद्यावर विचारणा: हे रेकॉर्डिंग ठेवायचं की पुसायचं? पेटीतल्या कार्यक्रम-मार्गदर्शिकेतली वेळ तिथे संपली होती. सूर्यकुमारचा तो सीमारेषेवरचा झेल मी पहिल्यांदा पाहिला तो फोनवर, तळहाताएवढा.

पेटीची चूक नव्हती, ती घड्याळाप्रमाणे चालते. खेळाचं रेकॉर्डिंग लावताना शेवटची वेळ किमान एक तासाने वाढवा. पावसाची शक्यता असेल तर पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डवर टाका.

बिनतारी मिनी

ती घरच्या वायफायवर चालत नाही. तिला स्वतःचा वेगळा ब्रिज, म्हणजे तिच्याशी बिनतारी बोलणारा छोटा डबा लागतो (जिनी-२ मध्ये तो आतच असतो). म्हणून चित्र अडकलं की राउटर बदलून उपयोग नाही. ब्रिज टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटातून बाहेर काढा. जिथे केबल पोचते तिथे मी तरी केबलच लावीन.

ऑर्डर देताना करार पुन्हा दोन वर्षांचा सुरू होतो का, हे विचारून उत्तर लेखी घ्या. पेट्या बहुधा भाड्याच्या असतात. त्या रिमोट आणि ॲक्सेस कार्डासकट परत पाठवा, आणि प्रत्येकीच्या अनुक्रमांकाचा फोटो आणि कुरिअरची पावती वर्षभर जपून ठेवा.