परदेशात बसून मराठी पॉडकास्ट किंवा पोर्टल सुरू करायचंय? अरियाना हफिंग्टनकडून काय घ्यायचं, काय नाही

परदेशात गेलेल्या कितीतरी मराठी मुलींच्या डोक्यात पॉडकास्ट, पोर्टल असलं काहीतरी घोळत असतं, पण गाडी अडते ती "इथे माझी ओळख कुठेय, माझे उच्चार तर असे" यावर. त्यांनी 'हफिंग्टन पोस्ट' ही बातम्या आणि ब्लॉगची अमेरिकन वेबसाइट काढणाऱ्या अरियाना हफिंग्टनचं करिअर नीट बघावं. १९५० मध्ये अथेन्सला जन्म, सोळाव्या वर्षी इंग्लंड, मग केंब्रिजला इकॉनॉमिक्स. इंग्रजीत ग्रीक हेल तेव्हाही होता, आजही आहे, आणि तरी १९७१ मध्ये ती केंब्रिज युनियन या डिबेटिंग सोसायटीची प्रेसिडेंट झाली! त्यामुळे उच्चार सुधारायच्या क्लासला पैसे घालण्याआधी जिथे माईक मिळेल तिथे उभं राहा, मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन मिळालं तरी घ्या.

आता माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. आधी माणसं, वेबसाइट नंतर. ती १९८० मध्ये न्यूयॉर्कला आली आणि हफिंग्टन पोस्ट सुरू झालं मे २००५ मध्ये, म्हणजे तिच्या वयाच्या ५४ व्या वर्षी. मधली पंचवीस वर्षं पुस्तकं, कॉलम, टीव्हीवरच्या चर्चा, आधी रिपब्लिकनांच्या बाजूने आणि मग त्यांच्या विरोधात, २००३ ला तर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभी राहिली आणि मतदानाआधी माघार घेतली. या सगळ्यात ज्या ओळखी झाल्या त्याच लोकांनी पुढे साइटवर लिहिलं. आणि टेक्निकल बाजू तिने स्वतः शिकत बसून वेळ घालवला नाही, केनेथ लेरर आणि जोना पेरेटीसारखे पार्टनर घेतले, त्यातला पेरेटी म्हणजे इंटरनेटवर गोष्ट पसरते कशी हे कळणारा माणूस.

तुम्ही काय कराल, तर एक वही घ्या आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही आहे अशा लोकांची नावं लिहा, नर्स, ट्रक चालवणारा, रिसर्च करणारी, नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी. अमेरिकेत असाल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे तिथल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन दर दोन वर्षांनी असतं, तिथे जाऊन नुसते फोटो काढू नका, नंबर घ्या.

एक गोष्ट मात्र तिच्याकडून अजिबात घेऊ नका. तिच्या साइटवर हजारो ब्लॉगर फुकट लिहायचे, २०११ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने ती साइट ३१.५ कोटी डॉलरना घेतली आणि त्या लिहिणाऱ्यांना त्यातलं काहीच नाही. ते कोर्टात गेले, २०१२ मध्ये केस फेटाळली गेली. कायद्यात बसलं असेल, मला ते आजही पटत नाही. थोडे द्या पण द्या, आणि किती, कधी, लेख दुसरीकडे छापता येईल का, हे आधीच ईमेलवर लिहून घ्या.

व्हिसा पहिल्या दिवशी बघा, पैसे यायला लागल्यावर नाही. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर स्पॉन्सर कंपनीचंच काम करता येतं, एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर वर्क परमिटशिवाय कमाईचं काम चालत नाही, त्यामुळे यूट्यूबच्या जाहिराती चालू करण्याआधी वकिलाला विचाराच. आणि भारतात बातम्यांची कंपनी काढायचा विचार असेल तर डिजिटल बातम्यांमध्ये परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच चालते, तीही सरकारी परवानगीने. हफपोस्टची (म्हणजे हफिंग्टन पोस्टचीच) भारतातली आवृत्ती २०२० मध्ये बंद पडली ती मालकी बझफीड या अमेरिकन मीडिया कंपनीकडे जाताना याच नियमामुळे, इतकी चांगली टीम होती ती, वाईट वाटलं.

राहिलं वेळापत्रक. २००७ मध्ये अरियाना थकव्याने कोसळली, गालाचं हाड मोडलं, तेव्हा नोकरी आणि घर सांभाळून रोज अपलोड करायचं मनात आणू नका. आठवड्याला एक भाग, ठरलेल्या वारी. उन्हाळ्यात शिकागोला रविवारी सकाळी नऊला टाकलात तर पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात, दोन्हीकडची माणसं निवांत ऐकतील.