ट्रिगर पॉइंट दाबताना होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की आम्हा फिजिओथेरपिस्टकडे दोन प्रकारची मंडळी हमखास येतात. एक, हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतून मान धरून आलेली. दुसरी, ढोल वाजवून कोपराखालचा हात भरून आलेली. दोघांचेही घरगुती प्रयोग तोवर उरकलेले असतात. व्हिडिओ बघून टेनिस बॉलवर लोळून झालेलं असतं, धाकट्या भावाला पाठीवर उभं करून झालेलं असतं, आईने तेल लावून चोळूनही दिलेलं असतं. स्नायूत दोरीसारखी ताठ पट्टी हाताला लागते, त्या पट्टीतली सगळ्यात दुखरी जागा, म्हणजे ट्रिगर पॉइंट किंवा बोलण्यातली ‘गाठ’, दाबून सैल करायची, एवढीच ट्रिगर पॉइंट थेरपीची कल्पना. बरंचसं घरी जमण्यासारखं आहे. पण काही चुका इतक्या ठरलेल्या असतात की पेशंटने तोंड उघडायच्या आधीच अंदाज येतो.

दुखतं तिथेच दाबत बसणं

सगळ्यात जास्त वेळ याच चुकीत जातो. स्नायूतलं दुखणं बऱ्याचदा उगमापासून लांब उमटतं. १९३८ साली लंडनमध्ये जोनास केलग्रेन या डॉक्टरांनी स्वयंसेवकांच्या स्नायूंत मिठाचं तीव्र द्रावण टोचलं आणि कळ कुठे जाणवते ते नोंदवलं. सुई एकीकडे आणि दुखणं भलतीकडेच, असं त्यांना अनेक स्नायूंत दिसलं. पुढे अमेरिकेत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डॉ. डेव्हिड सायमन्स यांनी कुठल्या स्नायूची कळ कुठे जाते याचे नकाशे तयार केले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करणाऱ्या ट्रॅव्हेल त्या याच.

नेहमीचं उदाहरण खांद्याचं. खांद्यात पुढच्या बाजूला खोलवर ठणकतंय म्हणून माणूस तिथे बाम चोळत राहतो. कळ मात्र अनेकदा मागून, पाठीतल्या पसरट हाडावरच्या, म्हणजे फऱ्यावरच्या स्नायूतून येत असते. माउस लांब ठेवून दिवसभर हात पुढे ताणून काम करणाऱ्यांत हे खूप दिसतं. तपासायचं असेल तर भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि फरा व भिंत यांच्यामध्ये टेनिस बॉल धरा. बॉल मणक्यापासून दूर हवा. दुखऱ्या बाजूचा हात पोटावर आडवा घ्या आणि गुडघे किंचित वाकवत बॉल अगदी थोडा थोडा सरकवा. बहुतेक ठिकाणी नुसता दाब जाणवेल. एखाद्या जागी मात्र खांद्याच्या पुढे तीच रोजची कळ उठेल आणि तोंडातून आपसूक ‘हां, हेच!’ निघेल. तिथे थांबायचं.

खूण हीच, की दुखणं ओळखीचं वाटलं पाहिजे. जागा नुसती दुखरी असून भागत नाही, कारण धडधाकट माणसाच्या मांडीत बोट रुतवलं तरी तो ओरडतोच. मानेकडून खांद्याकडे उतरणाऱ्या स्नायूची कळ कानशिलापर्यंत चढते आणि डोकेदुखी म्हणून गोळ्या खाल्ल्या जातात. पोटरीच्या आतल्या स्नायूची कळ टाचेत उतरते. कुल्ल्याच्या बाजूच्या खोल स्नायूची कळ पायाच्या बाहेरच्या कडेने घोट्यापर्यंत जाते आणि घरातले लगेच ‘सायटिका’ म्हणून मोकळे होतात.

जितकं जोरात, तितकं बरं?

आपल्याकडे मालीश करणाऱ्याची किंमत पेशंटच्या किंचाळण्यावर ठरते. हा समज मला अजिबात पटत नाही. दहापैकी पाच-सहा इतपत दुखेल एवढाच दाब पुरे. ‘बरं वाटणारं दुखणं’ म्हणतात ना, तेवढं. श्वास अडकला, दात आवळले गेले, खांदा कानाकडे सरकला, की समजा दाब जास्त झाला. तुम्ही आत शिरू बघताय आणि स्नायू तुम्हाला बाहेर ढकलतोय.

दाब हळूहळू वाढवा आणि तिथेच धरा. साधारण अर्धा ते एक मिनिट. या वेळात दुखणं ओसरायला लागतं, बोटाखाली किंचित मऊ लागतं. दीड मिनिटातही काही फरक नसेल तर जागा चुकली असेल किंवा जोर जास्त असेल. मग हात काढा, पाच मिनिटं दाबत बसू नका. एका जागेवर एका वेळी तीन-चार वेळा आणि दिवसातून एक-दोनदा, यापुढे जाण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी थोडं ठणकलं तर चालेल. काळं-निळं पडलं, तर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात. ‘सगळं दूषित रक्त निघालं’ असं सांगणाऱ्यांना हात जोडावेत आणि तिथून निघावं.

साधनाबद्दल थोडक्यात. क्रिकेटचा सीझन बॉल नको, फार कठीण असतो. टेनिस बॉल किंवा भरीव रबरी बॉल ठीक. मांडीसाठी घरातलं लाटणं उत्तम काम देतं, मात्र हाडावर फिरवू नका. मसाज गन मोठ्या स्नायूंपुरती ठेवा, मानेला लावू नका. स्वतःच्या अंगठ्याने तर दाबूच नका. आधीच दुखणाऱ्या हाताच्या जोडीला दुसऱ्या हाताचा अंगठाही जायचा. बोटांच्या पेरांनी किंवा कोपराने दाबा.

जिथे हात लावू नये

गळ्याची पुढची बाजू, जिथे नाडी उडते. काख. कोपराचा आतला खळगा आणि गुडघ्यामागची लवण. थेट मणका. फुगलेल्या निळ्या शिरा. एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, तर तिथे गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

गाठ सुटली, सवय तीच

ढोलवाल्या मुलांचं सांगतो. टिपरू पकडायला मूठ आवळली की मनगट खाली पडू नये म्हणून कोपराखालचे, हाताच्या पाठीकडचे स्नायू सतत काम करतात. म्हणून दुखतं बाहेरच्या बाजूला. कळ कोपराच्या बाहेरच्या हाडाशी किंवा मनगटाच्या पाठीवर उमटते. हात टेबलावर पालथा ठेवा, कोपराच्या त्या हाडापासून दोन-तीन बोटं खाली दुसऱ्या हाताची बोटं ठेवा आणि मनगट वर-खाली हलवा. बोटांखाली जो सरकतो, तो हा स्नायू. ताठ पट्टी तिथेच सापडते.

आता ती दाबली, सैल झाली आणि पोरगा संध्याकाळी पुन्हा नदीपात्रात सलग दोन तास वाजवायला उभा राहिला, तर काय उपयोग? सरावाला दोन महिने असतात. पहिल्याच आठवड्यात वर्षभर न वापरलेल्या हाताकडून विसर्जन मिरवणुकीचा जोर मागू नये. वेळ हळूहळू वाढवा, मधे हात मोकळा करा, टिपरू पेलेल इतकीच मूठ आवळा.

माउसचंही तेच. क्लिक करायच्या तयारीत तर्जनी दिवसभर अधांतरी उचललेली राहते आणि तिला धरून ठेवणारा स्नायू याच जागेतला. लॉपटॉप मांडीवर घेऊन गादीवर बसणाऱ्यांना मी आधी वेगळा कीबोर्ड घ्यायला सांगतो, बॉल नंतर. अर्ध्या तासाने उठा. पाणी प्यायला, गच्चीत चक्कर मारायला, काहीही.

दाबून झाल्यावर तो सांधा पूर्ण आवाक्यात चार-पाच वेळा सावकाश हलवायचा, हे बहुतेक जण विसरतात. थोडा शेक घेतला तर उत्तम. काही दिवसांनी त्याच स्नायूला ताकदीचा व्यायाम लागतो. नुसत्या दाबण्याने मिळणारा आराम बहुधा थोड्या काळाचाच असतो, हे आमच्या व्यवसायातल्या लोकांनी मोकळेपणाने सांगायला हवं.

प्रत्येक दुखणं ट्रिगर पॉइंटचं नसतं

या गाठी नेमक्या कशाने होतात यावर तज्ज्ञांचं एकमत नाही आणि एकाच पेशंटला तपासणारे दोघे जण अनेकदा वेगवेगळ्या जागा दाखवतात. त्यामुळे पाठीवर दहा फुल्या मारून पॅकेज विकणाऱ्यापासून जरा सांभाळून.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकल्यावर बरं वाटतं? मनगटात नस दबत असण्याची शक्यता जास्त, तिथे गाठ शोधू नका. खांदा कोणी दुसऱ्याने उचलला तरी वर जात नसेल आणि सोबत मधुमेह असेल, तर फ्रोझन शोल्डरची तपासणी करा. छातीत दडपण, घाम आणि डाव्या हातात कळ असेल, तर सरळ हॉस्पिटल गाठा. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेतली जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद कमी झाली, तरीही तसंच. ताप येत असेल किंवा विनाकारण वजन उतरत असेल तर दाबणं बंद.

ड्राय नीडलिंग, म्हणजे ट्रिगर पॉइंटमध्ये बारीक सुई घालणं, पुण्यात आता बऱ्याच ठिकाणी होतं. ते प्रशिक्षित हातांचंच काम आहे. खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं. सुई टोचण्याआधी हा धोका तुम्हाला सांगितला गेला पाहिजे. सांगितला नाही तर विचारा.

घरी दोन आठवडे नीट करूनही फरक नसेल तर दाखवायला या. येताना काम करतानाचा बाजूने काढलेला एक फोटो आणा, खुर्ची, स्क्रीन, कोपर सगळं दिसेल असा. ढोलवाल्यांनी टिपरू बरोबर घेऊन यावं आणि आमच्यासमोर ते पकडून दाखवावं.