अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजच्या नर्सिंगला ॲडमिशन: फॉर्मच्या आधीचं दीड वर्ष

"नर्सिंगचा फॉर्म कधी निघतो गं?" असं मला आजकाल बऱ्याच जणी विचारतात, आणि प्रत्येकीला मी हेच सांगते की फॉर्मचं नंतर बघू, आधी ॲनाटॉमीचं सांग. कारण ॲडमिशन होणार की नाही हे फॉर्म भरायच्या वर्ष-दीड वर्ष आधीच ठरत आलेलं असतं.

सुरुवातीला एक घोळ सगळ्यांचाच होतो. कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्र्या देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजला, नाव घालणं आणि नर्सिंग प्रोग्रॅमला ॲडमिशन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेजात नाव कोणालाही घालता येतं, पण नर्सिंगच्या सीट मोजक्याच असतात, कारण शिकवणाऱ्या नर्स कमी आणि हॉस्पिटलं क्लिनिकलला, म्हणजे पेशंटसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाला, एका वेळी थोडीच मुलं घेतात. डिग्री मिळते ती एडीएन, म्हणजे असोसिएट डिग्री. ती २ वर्षांची म्हणतात पण त्याआधी पूर्ण करावे लागणारे विषय, म्हणजे प्रीरिक्विझिट, धरले की निदान ३ वर्षं हाताशी ठेवा. चार वर्षांचं बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, केलेली मुलगी आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) लायसन्ससाठी जी एनक्लेक्स-आरएन परीक्षा देते तीच तुम्ही देता आणि लायसन्सही तेच मिळतं. बीएसएन नंतर नोकरी करता करता ऑनलाइन होतं. न्यूयॉर्कमध्ये मात्र २०१७ च्या कायद्यानं नव्या आरएनना १० वर्षांत बीएसएन पूर्ण करावंच लागतं, तिथे राहणाऱ्यांनी हे धरून चला.

पहिलं काम, जवळच्या तीन-चार कॉलेजांचं नर्सिंगचं माहितीपत्रक उघडा आणि त्यात अर्जदारांची निवड कशी करतात तो तक्ता शोधा. कुठे पॉइंट असतात, कुठे लॉटरी, कुठे वेटिंग लिस्ट. पॉइंट असतील तर ते कशाकशाला आहेत ते लिहून काढा, जीपीए (ग्रेडची सरासरी), एंट्रन्सचा स्कोअर, आधीची डिग्री, हॉस्पिटलचा अनुभव, आणि मग त्या कागदाकडे बघूनच पुढचा प्लॅन करा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात इंग्रजी सोडून दुसरी भाषा येत असेल तर त्याचे पॉइंट द्यायची सोय आहे आणि त्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषाही आहेत, म्हणजे मराठीचे पॉइंट मिळू शकतात का हे तिथल्या कॉलेजात नक्की विचारा, कोणी आपणहून सांगत नाही. सोबत हेही बघा की प्रोग्रॅमला राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे ना, एसीईएनसारख्या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थेचं ॲक्रेडिटेशन आहे ना, आणि पहिल्या फटक्यात किती जण एनक्लेक्स पास होतात. तो आकडा बोर्डाच्या साइटवर असतो.

भारतातल्या डिग्रीचं मूल्यमापन डब्ल्यूईएस किंवा ईसीई या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थांकडून करून घ्यावं लागतं आणि ते कोर्स-बाय-कोर्सच, म्हणजे विषयवार ग्रेड दाखवणारं, घ्या. मी स्वस्तातला साधा रिपोर्ट मागवला होता, कॉलेजनं तो घेतला नाही, युनिव्हर्सिटीतून परत सीलबंद ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) मागवण्यात माझं एक सेमिस्टर गेलं. आणि बीएस्सी केलंय म्हणून सायन्स सुटेल अशा आशेवर राहू नका, बऱ्याच ठिकाणी सायन्सचे विषय ५ किंवा ७ वर्षांच्या आतले लागतात.

आता मुख्य गोष्ट. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी (शरीराची रचना आणि कार्य) १, २ आणि मायक्रोबायॉलॉजी, या तीन विषयांच्या ग्रेडवर सगळं उभं आहे. कागदावर सी चालतो असं लिहिलेलं असतं, पण पॉइंटच्या शर्यतीत सी घेऊन सीट मिळणं फार अवघड. म्हणून आधी इंग्लिश, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी उरकून घ्या आणि मग सायन्स एका सेमिस्टरला एकच घ्या, घरात लहान मूल असेल तर नक्कीच एकच, सहा महिने उशीर झाला तरी चालेल पण ए यायला हवा. लॅब प्रॅक्टिकलला हाडांच्या, स्नायूंच्या मॉडेलला पिना टोचलेल्या असतात, तिथे नाव स्पेलिंगसकट लिहायचं असतं, एखाद-दोन अक्षरं चुकली तरी मार्क जातात. ओपन लॅबचे तास असतात तेव्हा जाऊन मॉडेल हातात घ्या, परवानगी असेल तर फोटो काढा आणि घरी मोठ्यानं म्हणत लिहा, नुसतं वाचून ते डोक्यात राहत नाही. विषय हाताबाहेर चाललाय असं वाटलं तर डब्ल्यू घ्यायची, म्हणजे विषय मधेच सोडायची, शेवटची तारीख आधीच माहीत असू द्या, पण तोच विषय किती वेळा घेतलेला चालतो यावर काही प्रोग्रॅम मर्यादा घालतात, ते वाचून मगच ठरवा.

एंट्रन्स बहुतेक ठिकाणी टीज (TEAS) नावाची परीक्षा असते, काही ठिकाणी हेसी (HESI). टीजमध्ये १७० प्रश्न, २०९ मिनिटं, रीडिंग, मॅथ, सायन्स आणि इंग्लिश. सायन्सला ६० मिनिटांत ५० प्रश्न, आणि त्यात शरीराचाच भाग सगळ्यात जास्त, म्हणून ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी २ संपली की लगेच महिन्याभरात द्या. मॅथ आपल्याला सोपं वाटतं पण औंस, पाउंड, कप यांची रूपांतरं पाठ करा. आपण किलो-लिटरवाले, नेमके तिथेच अडकतो. किती वेळा देता येते आणि मध्ये किती दिवस थांबायचं हे कॉलेज ठरवतं.

जमत असेल तर सीएनएचा, म्हणजे नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या प्रमाणित मदतनिसाचा, कोर्स करा. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमानं कमीत कमी ७५ तासांचं ट्रेनिंग लागतं, काही राज्यांत जास्त. काही कॉलेजांत याचे पॉइंट मिळतात, काही ठिकाणी ते लागतंच. पण माझ्या मते खरा फायदा वेगळा आहे. अनोळखी माणसाला अंघोळ घालणं, कुशीवर वळवणं, बेडपॅन देणं, हे करताना आपला जीव त्यात रमतो का ते कळतं, आणि हे पैसे भरायच्या आधी कळलेलं फार बरं.

व्हिसाचं थोडक्यात. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर नोकरी नाही आणि सरकारी मदतही नाही, शिवाय लायसन्सला काही ठिकाणी सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, ते बोर्डाला आधीच ईमेल करून विचारा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, भराच, परत न करावी लागणारी पेल ग्रँट २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. पण आधीची बॅचलर डिग्री असेल, मग ती भारतातली का असेना, तर पेल मिळत नाही, लोन मिळू शकतं. राज्यातल्या रहिवाशांची कमी, म्हणजे इन-स्टेट, फी तुम्हाला लागू होते का तेही बघा.

लसींचं काम आधीच सुरू करा. हेपटायटिस बीच्या तीन डोसांना ६ महिने जातात. आणि दंडावर बीसीजीचा व्रण असलेल्या आपल्यासारख्यांची टीबीची स्किन टेस्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे, धावपळ, म्हणून रक्ताची टेस्ट चालेल का विचारा. त्यात बीसीजीमुळे घोळ होत नाही. बाकी बीएलएस (सीपीआरचं सर्टिफिकेट), बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट हे सीट मिळाल्यावर.

फॉर्म भरताना एकाच कॉलेजच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक ट्रान्सक्रिप्ट पोचलं का ते शेवटच्या तारखेच्या दोन आठवडे आधी ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा, एक कागद कमी पडला तरी अख्खा अर्ज बाद होतो. नाही झालं तर ऑफिसला जाऊन आपले पॉइंट कुठे कमी पडले ते विचारा. मला पहिल्या वेळी नकार आला तेव्हा मी विचारलं, टीजमध्ये कमी पडले होते, परत दिली, पुढच्या बॅचला सीट मिळाली.