समुद्र का चढतो? घरी करून बघा, पण माझ्यासारखे चुकू नका

तरंगता बर्फ वितळला तरी पाण्याची पातळी तीच राहते, असं मी भाचीला छातीठोकपणे सांगितलं, डब्यातल्या पाण्यात बर्फ सोडून पातळीशी खूण केली आणि बर्फ वितळल्यावर पाणी खुणेच्या चांगलं वर आलं. उत्साहाच्या भरात मी इतका बर्फ कोंबला होता, की तो तळाला टेकला होता. टेकलेला बर्फ तरंगत नसतो, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही.

तर सारख्या मापाचे दोन पारदर्शक डबे घ्या. एकात पाण्याबाहेर डोकं काढेल असा दगड ठेवा. दोन्हींत पाणी भरा. एकीकडे बर्फाचे चार खडे पाण्यात सोडा, दुसरीकडे तेवढेच दगडाच्या माथ्यावर रचा. आता मार्करने खूण करा. खूण करताना डोळा पाण्याच्या रेषेत आणा, वरून वाकून बघितलंत तर हमखास फसाल. मग बर्फ वितळू द्या आणि पुन्हा बघा.

तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, म्हणून तिथली पातळी हलत नाही. (खऱ्या समुद्राचं पाणी खारट असल्याने किंचित फरक पडतो, पण तो सोडून द्या.) दगडावरचा बर्फ मात्र वितळून पाण्यात नवी भर घालतो, म्हणून तिथलं पाणी चढतं. तो म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका यांच्या जमिनीवरचा बर्फ. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र साधारण 7 मीटर चढेल. अंटार्क्टिकाचा आकडा 58 मीटरच्या आसपास आहे. अर्थात, हे एका आयुष्यात व्हायचं काम नाही.

दुसरं कारण लोकांना पटकन पटत नाही: तापलं की पाणी फुगतं. काचेची बाटली काठोकाठ भरा, त्यात रंग टाका, तोंडाशी स्ट्रॉ धरून भोवती खेळायची चिकणमाती घट्ट दाबा. आत हवेचा एकही बुडबुडा नको. हवा पाण्यापेक्षा खूप जास्त फुगते आणि मग प्रयोग हवेचा होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा. स्ट्रॉमधलं पाणी आधी जरासं खाली जाईल, कारण काच आधी तापते. घाबरू नका, थांबा. मग ते चढायला लागेल. हरितगृह वायूंमुळे अडकलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्रच पोटात घेतो, तेव्हा तिथे काय होत असेल बघा.

1900 च्या सुमारापासून समुद्र जगभरात सरासरी 20 सेंटिमीटर चढलाय. 1993 पासून उपग्रहांनी सलग मोजणी सुरू आहे, आणि तेव्हापासून चढण्याचा वेग जवळजवळ दुप्पट झालाय.

‘वीतभर तर पाणी’ असं वाटत असेल, तर पसरट ट्रेमध्ये वाळूचा अगदी मंद उतार करा आणि खालच्या बाजूला निळं पाणी हळूहळू वाढवा. उभ्या कडेशी जेमतेम कळणारी वाढ उतारावर कितीतरी आत सरकते. शंभरास एक उतार असेल तर 1 सेंटिमीटर चढलेलं पाणी 1 मीटर आत येतं. आता तळव्याने हलकी लाट ढकला. वादळात हेच होतं: लाट चढलेल्या पाण्यावरून निघते, म्हणून आधी कोरड्या राहणाऱ्या जागेपर्यंत पोचते.

भाचीने वाळूत पाण्यापासून चार बोटं लांब एक खड्डा केला, ‘विहीर’ म्हणून. थोड्या वेळाने तिच्या तळाशी निळं पाणी दिसलं. ‘पण समुद्र इथे आलाच नाही!’ ती म्हणाली. किनाऱ्यालगतच्या विहिरी अशाच आतून खारट होतात.

वाळू सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.