कृष्णकमळाचा अर्क घेताय? या चुका टाळा

नाशिकच्या सातपूरला माझं औषधाचं दुकान आहे. झोपेसाठी पॅसिफ्लोराचे, म्हणजे कृष्णकमळाच्या अर्काचे, थेंब मागणारे त्याच त्या चुका करून येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कंपाउंडवरच्या वेलीची पानं उकळून पिणं. गेल्या पावसाळ्यात एक काकू पिशवीभर पानं घेऊन आल्या. "अगं, कृष्णकमळच आहे. पाच पांडव, शंभर कौरव, सगळं बघून घेतलं." दोन दिवस काढा प्यायल्या आणि दोन्ही दिवस उलट्या. मी पान काउंटरवर पसरलं, तर पाच बोटं! अर्काची जात पॅसिफ्लोरा इन्कार्नाटा, मूळची अमेरिकेच्या आग्नेय भागातली; तिच्या पानाला तीन बोटं. कौरव-पांडव तिच्या बहिणींच्या फुलांतही असतात, पण काहींच्या पानांत आणि कच्च्या फळांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. काकूंना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. तीन बोटं दिसली तरी भरवसा नको, पॅशनफ्रूटच्या पानालाही तीनच.

दुसरी चूक उतावळेपणाची. अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक मुलगा. पहिल्या दिवशी झोप आली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी थेंब न मोजता झाकणभर घेतले, वर आईची झोपेची अर्धी गोळी. संध्याकाळी कामावर जाताना गाडीवरच डोळा लागला, घोट्यावर निभावलं. थेंब आणि गोळी दोन्ही मेंदूला शांत करणाऱ्या गाबा यंत्रणेवरच काम करतात, गुंगी दुणावते. २००१ साली इराणमध्ये चिंतेच्या ३६ रुग्णांवर अर्काचे रोज ४५ थेंब आणि ऑक्झाझेपाम ही चिंतेवरची गोळी यांची तुलना झाली; गोळीचा गुण लवकर आला, अर्काला वेळ लागला. तेवढा धीर नसेल तर घेऊच नका. मी बाटलीवर डॉक्टरांनी सांगितलेले थेंब मार्करने लिहून देते. पहिला डोस सुट्टीच्या आदल्या रात्री, हे माझं ठरलेलं.

गरोदरपणात अजिबात नको.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. साधारण दोन आठवडे आधी बंद करतात.

मदर टिंक्चरमध्ये (होमिओपॅथीतला मूळ अर्क) अल्कोहोल असतं, यकृताचा त्रास असणाऱ्यांनी आधी विचारावं.

नेहमीच्या मात्रेनेही ३४ वर्षांच्या एका बाईंना उलट्या, गुंगी आणि ईसीजीत बदल झाल्याची नोंद २००० साली झाली आहे. छातीत धडधडलं तर थेंब थांबवा आणि डॉक्टरांकडे जाताना बाटली सोबत न्या. लेबलवर 'इन्कार्नाटा' हे पूर्ण नाव नसेल, तर ती बाटली मी दुकानात ठेवतच नाही.