मॉडेलमध्ये न काढलेली रेघ

पुण्यात गाड्यांचे कंट्रोलर तयार करणाऱ्या एका कंपनीत चार वर्षं मी सिसएमएलमध्ये, म्हणजे सिस्टिम आकृत्यांनी मांडायच्या भाषेत, मॉडेल करत होते. हॅकिंगपासून सुरक्षेचं काम दुसऱ्या टीमचं. आमचं मॉडेल पूर्ण झालं की ते त्यांच्याकडे जायचं आणि काही आठवड्यांनी धोक्यांची एक लांबलचक एक्सेल शीट परत यायची. मग मला 'मॉडेलमध्येच सुरक्षा' या पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तिथलं जे उपयोगी वाटलं ते लिहिते आहे.

पहिल्या दिवशीचा सराव सोपा होता. मोबाइलवरून गाडीचे दरवाजे उघडण्याची सोय मॉडेल करायची. आम्ही चौघांनी तासाभरात फोन, सर्व्हर, टेलिमॅटिक्स युनिट (गाडीला मोबाइल नेटवर्कशी जोडणारं), गेटवे (गाडीतली नेटवर्क एकमेकांना जोडणारा), बॉडी कंट्रोलर (दरवाजे, दिवे सांभाळणारा) आणि कुलपाची मोटर असं सगळं मांडलं. पोर्ट नीट, बाण नीट. सरांनी आकृती पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "गाडी सर्व्हिसिंगला गेली की मेकॅनिक लॅपटॉप कुठे लावतो?"

स्टिअरिंगखालचा तो सोळा पिनांचा डायग्नोस्टिक कनेक्टर आमच्या आकृतीत नव्हताच. आम्ही चौघंही चाचणीच्या बेंचवर रोज त्यालाच केबल लावायचो. दरवाजा उघडायला तो लागत नाही, म्हणून काढला नव्हता. पण हल्ला करणारा आपल्या फीचरची हद्द कशाला पाळेल? माझ्या दृष्टीने या विषयाचं मर्म तिथेच आहे. मॉडेल काढताना आपण 'काय चालायला हवं' तेवढंच काढतो. सुरक्षेसाठी 'काय काय जोडता येतं' तेही काढावं लागतं.

२०१५ सालचं जीप चेरोकीचं प्रकरण याच नजरेने वाचा. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी मोबाइल नेटवर्कवरून गाडीच्या म्युझिक सिस्टिमपर्यंत वाट काढली. तिथून कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कंट्रोलर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात त्यांवर, बोलणाऱ्या चिपचं फर्मवेअर (चिपमधलं सॉफ्टवेअर) बदललं आणि थेट गाडीच्या नियंत्रणांपर्यंत पोचले. सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. प्रत्येक भाग आपापल्या जागी ठीक दिसत होता, वाट तयार झाली ती जोडण्यांमधून. मॉडेलमध्ये प्रत्येक जोडणीवर 'इथून कोण पाठवू शकतं, ते खरं आहे हे कसं तपासतो' एवढं नोंदवलं, तर बाहेरच्या जगापासून ब्रेकपर्यंतच्या सगळ्या वाटा क्वेरी लावून काढता येतात. एक्सेलमध्ये ते जमत नाही. शिवाय डिझाइन बदलतं आणि शीट जुनीच राहते.

हे उशिरा केलं की काय होतं ते मी आधीच्या एका प्रोजेक्टवर पाहिलंय. कॅनच्या संदेशात पाठवणारा कोण हे तपासायची सोयच नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यात संदेशांना प्रमाणीकरण जोडायचं ठरलं. साध्या कॅनच्या एका फ्रेममध्ये ८ बाइट मावतात. आमच्या संदेशात ७ आधीच भरलेले. प्रमाणीकरणाला आणि ताजेपणाच्या काउंटरला (जुनाच संदेश कुणी पुन्हा पाठवला तर तो ओळखायला) मिळून ४ बाइट हवे होते. संदेश फोडावे लागले, बसवरचा भार वाढला, टायमिंग पुन्हा मोजावं लागलं, चाचण्या पहिल्यापासून. इंटरफेस ठरवताना हा प्रश्न आला असता तर काम एका बैठकीत संपलं असतं.

मानकांचं थोडक्यात. गाड्यांच्या सायबर सुरक्षेचं २०२१ साली आलेलं मानक आयएसओ/एसएई २१४३४ वाचायचंच आहे, पण सुरुवात त्यातल्या टाराच्या, म्हणजे धोके आणि जोखीम तोलण्याच्या, प्रकरणापासून करा. मौल्यवान काय आहे, त्याला धोका कोणता, नुकसान किती, वाट कोणती आणि ती किती सोपी, हा क्रम हाताला बसला की बाकीचं लवकर उलगडतं. संयुक्त राष्ट्रांचा गाड्यांच्या सायबर सुरक्षेचा नियम आर१५५ आणि त्याच धर्तीवरचं आपलं भारतीय मानक एआयएस-१८९ त्यानंतर. सरावासाठी महागडं टूल लागत नाही. कॅपेला हे मॉडेलिंगचं टूल फुकट मिळतं, आणि सिस्टिमकडे थरांनी बघायची शिस्त त्यातून चांगली लागते. हॅकिंगच्या कोर्सने सुरुवात करावी का, असं मुलं विचारतात. मी नको म्हणते. आधी एक ईसीयू (गाडीतला एक कंट्रोलर), त्याचे संदेश, गाडी सुरू होताना कोण कधी जागं होतं, हे पक्कं करा. जी सिस्टिम कळलेली नाही तिच्यातली पळवाट दिसणार कशी?

आता माझ्याकडे कुणी नवीन आलं की पहिल्या दिवशी मी टूल उघडत नाही. वही-पेन घेऊन आम्ही पार्किंगमध्ये जातो, एका गाडीचे दरवाजे उघडतो आणि बाहेरचं जग जिथून जिथून आत येऊ शकतं त्या जागा लिहितो. ब्लूटूथ, यूएसबी, चावीचा रेडिओ, सिम, डायग्नोस्टिक कनेक्टर. मागच्या खेपेला एका मुलीने खाली वाकून चाकाकडे बोट दाखवलं. टायरमधल्या हवेचा दाब कळवणारा सेन्सरही रेडिओवरच बोलतो, आणि तो माझ्या यादीत नव्हता. त्याच दुपारी तिने तो मॉडेलमध्ये काढला.