कादंबरी आणि तिचा चित्रपट यांची तुलना कशी करावी?

परभणी, लातूर किंवा नांदेडच्या महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी कादंबरी आणि तिचे चित्रपट-रूपांतर यांची तुलना करायची आहे, त्यांनी डॅशिएल हॅमेटची 'द माल्टीज फाल्कन' (१९३०) आणि जॉन ह्यूस्टनचा १९४१चा चित्रपट ही जोडी अवश्य घ्यावी. कादंबरी आधी वाचावी, कारण चित्रपटात नायक झालेल्या हम्फ्री बोगार्टचा चेहरा एकदा डोळ्यांत बसला की हॅमेटने वर्णिलेला सोनेरी केसांचा खासगी गुप्तहेर सॅम स्पेड पुन्हा दिसत नाही.

काय घेतले आणि काय वगळले, एवढ्या यादीवर थांबू नये. वाचकाला आणि प्रेक्षकाला कोणत्या क्षणी काय ठाऊक असते, हे एखाद्या प्रसंगात तपासावे. कादंबरीचे दुसरे प्रकरण अंधारातच सुरू होते : फोन वाजतो, पलंग करकरतो, बोटे चाचपडतात आणि कोणीतरी मेल्याचे आपल्याला फोनवरच्या तुटक शब्दांतून कळते; तो स्पेडचा भागीदार आर्चर आहे, हे पुढेच उलगडते. चित्रपटात मात्र आर्चरला गोळी लागताना आपण आधीच पाहिलेले असते. त्यामुळे फोनच्या दृश्यात आपण बातमीची नव्हे, तर स्पेडच्या प्रतिक्रियेची वाट पाहतो, आणि ह्यूस्टन नेमका त्याचा चेहरा चौकटीबाहेर ठेवतो. हॅमेटही पात्रांच्या मनात शिरत नाही. फोननंतर स्पेड सिगारेट कशी वळतो एवढेच तो बारकाईने सांगतो. म्हणून 'कादंबरी अंतर्मन दाखवते, चित्रपट बाह्यरूप' हे ठरावीक विधान येथे लागू पडत नाही.

वगळलेल्या भागांपैकी सातव्या प्रकरणातील फ्लिटक्राफ्टच्या गोष्टीवर मुक्काम करावा. बांधकामावरून कोसळलेल्या तुळईतून थोडक्यात वाचलेला हा गृहस्थ घरदार सोडून निघून जातो आणि काही वर्षांनी दुसऱ्या शहरात हुबेहूब तसाच संसार थाटतो. कथानक तिच्यावाचून अडत नाही, पण स्पेड जगाकडे कसा पाहतो हे कादंबरीत इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेच येत नाही. माझ्या मते चित्रपटाची सर्वांत मोठी हानी हीच आहे.

हरवलेल्या नोटेसाठी ब्रिजिडला (स्पेडची अशील, आणि शेवटी आर्चरची खुनी ठरणारी स्त्री) विवस्त्र करून झडती घेण्याचा प्रसंग चित्रपटात नाही. त्यासाठी त्या काळच्या हॉलिवूडच्या निर्मिती-संहितेचा (पडद्यावर काय दाखवू नये याच्या नियमांचा) उल्लेख पुरेसा आहे. शेवटाची तुलना मात्र सविस्तर करावी : कादंबरीत ब्रिजिडला पोलिसांच्या हवाली केल्याबद्दल सचिव एफी स्पेडला दूर सारते, तर चित्रपटात ब्रिजिड पोलिसांसोबत लिफ्टमधून खाली जाते, आणि एफीने दिलेला निवाडा प्रेक्षकाला स्वतःच द्यावा लागतो.